मैत्री करा, पण कशासाठी?

सुवार्तेच्या एका प्रशिक्षण शिबिरात वाटलेला तक्ता माझ्यासमोर आहे. पहिल्या रकान्यात शेजाऱ्याचं किंवा सहकाऱ्याचं नाव, दुसऱ्यात भेटींच्या तारखा, तिसऱ्यात घरातल्या अडचणी, म्हणजे आजारपण, कर्ज, दारू, आणि शेवटच्या रकान्याचं शीर्षक 'निर्णय'. खाली सूचना : ठरावीक मुदतीत प्रगती न दिसल्यास दुसरी व्यक्ती निवडावी.

तक्ता आखणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. चौकातली भाषणं आणि स्टेशनावरची पत्रकं यांपेक्षा माणूस माणसामुळे ख्रिस्ताकडे येतो, हे त्यांचं म्हणणं मला मान्यच आहे. पण तो तिसरा रकाना वाचून मला लाज वाटली. शेजाऱ्याने विश्वासाने सांगितलेलं कर्ज कागदावर उतरलं की ती मैत्री संपली. ख्रिस्ती माणसाचा जिव्हाळा म्हणजे आमिष, हा आपल्यावर बाहेरून होणारा आरोप. या कागदावर आपण तो सही करून मान्य केला आहे.

तक्ता आखणारे म्हणतात, योजना नसेल तर कुणी येणार नाही. आरोप करणारे म्हणतात, जो येतो तो ओढून आणलेला असतो. दोघांनी एक गोष्ट धरूनच ठेवली आहे : माणसाचं मन पालटणं हे दुसऱ्या माणसाच्या हातात आहे. मला हे मुळातच मान्य नाही. करिंथच्या मंडळीत माणसांच्या नावाने तट पडले, तेव्हा पौलाने हेच बजावलं होतं. लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढ मात्र देवाची. आपण हे वचन व्यासपीठावरून वाचतो आणि खाली उतरून वाढीची टक्केवारी मागतो.

मुंबईचंच पाहा. 1829 मध्ये आलेल्या मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठी शिकून पंडितांशी जाहीर वाद घातले, मोरभट दांडेकरांनी त्यांना ग्रंथ लिहून उत्तर दिलं. 1857 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी समोरासमोर आले. मिशनऱ्यांच्या बाजूला जॉर्ज बोवेन होते, आणि मला या वादापेक्षा या माणसाचं आयुष्य महत्त्वाचं वाटतं. 1848 मध्ये अमेरिकेहून आलेल्या बोवेन यांनी लवकरच मिशनचा पगार सोडला. गरिबांच्या वस्तीत जागा घेतली, शिकवण्या करून पोट भरलं आणि 1888 मध्ये मुंबईतच देह ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून ख्रिस्ती झालेले फार थोडे. तक्त्याच्या हिशेबाने हा माणूस नापास. पण त्यांची राहणी पाहून परधर्मीयांनीही त्यांना साधू मानलं, आणि पगार गेल्यावर उद्याचं काय, हे त्यांनी देवावर सोडलं होतं म्हणूनच ती राहणी जमली.

दुसरं उदाहरण कवी ना. वा. टिळकांचं. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना त्यांना आगगाडीत एक युरोपीय प्रवासी भेटला. संस्कृत कवितेवर गप्पा झाल्या. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं म्हणून त्याने नवा करार हातात ठेवला आणि तो आपल्या वाटेने गेला. पुढे त्याने कुठला पाठपुरावा केल्याचं दिसत नाही. फेब्रुवारी 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

पण त्या प्रवाशाच्या संयमाहून मला मोठा वाटतो तो टिळकांचा घरातला संयम. बाप्तिस्म्याने संसार तुटला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या त्या सोवळं घेऊनच, आणि त्यांचं वेगळं रांधणं टिळकांनी चालू दिलं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे टिळक किती शीघ्रकोपी होते ते ठाऊक आहे. त्या माणसाने या एका बाबतीत बायकोवर बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलं ते त्यांच्याच विचाराने, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे एक अवघड जागा आहे, ती टाळून पुढे जाता येणार नाही. पंडिता रमाबाईंनी चालवलेल्या पुण्याच्या शारदा सदनातल्या मुली त्यांच्या खासगी ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा 1893 मध्ये सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंनी कुणाला बोलावलं नव्हतं, दारही लावून घेतलं नव्हतं, त्या खोटं वागल्या असं मी कधीच म्हणणार नाही. तरी जिच्या डोक्यावरचं छप्पर आपल्या हातात आहे, ती मुलगी आपल्याला 'नाही' म्हणू शकते का, हा रानड्यांच्या बाजूचा प्रश्न क्षुद्र नव्हता. अन्न, नोकरी, शाळेतला प्रवेश, इस्पितळातली खाट यांपैकी काही ज्याच्या हातात आहे, त्याने समोरच्याला नकार सोपा जाईल अशी व्यवस्था आधी करावी, मग ख्रिस्ताबद्दल बोलावं. ते जमत नसेल तर गप्प राहून सेवा करावी.

'देवावर सोडा म्हणजे हातावर हात धरून बसा,' असा टोमणा मला मंडळीतच ऐकावा लागतो. उलट आहे. आमच्यातल्या एक आजी शेजारच्या वहिनींबरोबर डायलिसिसला जातात. सुई टोचताना वहिनींचा दुसरा हात आजींच्या हातात असतो. घरी देव्हाऱ्यात गणपती आहे, तो तिथेच आहे. आजींनी येशूचं नाव कधी लपवलं नाही. वहिनींनी विचारलं तेव्हा आपला विश्वास सरळ सांगितला, आणि 'मला हे पटत नाही हो' हे उत्तर ऐकून पुढच्या खेपेला पुन्हा डबा घेऊन गेल्या. निकाल आपल्या माथी नाही हे ज्याला कळलं, त्यालाच इतकी वर्षं असं जाता येतं. तक्तेवाल्यांनी वहिनींचं नाव केव्हाच खोडलं असतं.

मार्काच्या शुभवर्तमानात एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क आवर्जून नोंदवतो. सगळं विकून गरिबांना दे, ही अट ऐकून तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू अट सौम्य करत नाही आणि त्याच्या मागे धावतही नाही. ज्याच्यावर प्रीती केली त्याला जाऊ देण्याचं हे धैर्य आपल्या शिबिरांत कोणी शिकवत नाही, कारण त्यासाठी पित्यावर भरवसा लागतो आणि तो पुस्तिकेत छापता येत नाही.

शेवटी पुन्हा टिळक. त्यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते, तसे न घेतलेलेही. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही आपल्या वार्षिक सभेत पाळकांनी 'यंदा किती जण आले' हे विचारणं थांबवावं आणि 'नाही' म्हणालेल्यांच्या घरी अजून कोण कोण जातं, ते विचारावं, एवढं माझं मागणं आहे.