पेटीवरचा आकडा आणि जांभ्याची भिंत



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या मंडळाचे कार्यालय दापोलीत एका जुन्या जांभ्याच्या घरात आहे. पुढे बैठकीची खोली, मागे दोन संगणक आणि एक प्रिंटर. नोकरीवरून सुटलो की संध्याकाळी मी तिथे बसतो आणि मुलांचे शिष्यवृत्तीचे, जात पडताळणीचे अर्ज भरून देतो. त्या दिवशी पालगडकडची एक मुलगी आईला घेऊन आली. अर्जाची मुदत त्याच रात्री संपत होती. कागद सगळे बरोबर होते, नावात काना-मात्रेचीही चूक नव्हती. पण उत्पन्नाचा दाखला चढवायला गेलो आणि पडद्यावरचे चक्र जे फिरायला लागले ते थांबेना. पुढच्या खोलीत एका कार्यकर्त्याच्या मोबाईलवर आमचेच वायफाय झकास चालले होते. मागे संगणकाला मात्र काही पोचत नव्हते. तेवढ्यात दिवे गेले. आई म्हणाली, "राहू द्या भाऊ, शेवटची एसटी चुकेल."

पुढे मुदत वाढली म्हणून निभावले. पण त्या माउलीची दोन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे दुप्पट गेले, आणि मुलीच्या जिवाला आठवडाभर घोर लागला तो वेगळाच. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. तो राउटर मीच निवडून आणला होता. दुकानात पेटीवर चार अँटेनांचे चित्र आणि त्याखाली '१२००' असा ठळक आकडा पाहिला, आणि खजिनदारांना सांगून टाकले की हाच घ्या. बी.कॉम.ला हिशेब शिकलो, पण त्या आकड्याची फोड करावी हे काही सुचले नाही.

फोड अशी आहे. अशा राउटरमध्ये दोन पट्ट्या असतात, एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. पहिलीचे ३०० आणि दुसरीचे ८६७ असे मिळून ते जवळपास बाराशे होतात. पण संगणक एका वेळी साधारणपणे एकाच पट्टीवर बसतो, तेव्हा त्या बेरजेला अर्थ नाही. शिवाय पाठीमागे वायर लावायची जी पोर्टे असतात ती स्वस्त राउटरवर बहुधा १०० मेगाबिटचीच असतात. पेटीवर 'गिगाबिट' लिहिले आहे की 'फास्ट इथरनेट' हे वाचून घ्यावे. फास्ट हे नावापुरतेच, तो १०० चा जुना माल. अर्थात तुमची लाइनच ५० ची असेल तर त्याने काही अडत नाही, उगाच महागडा डबा घेऊ नये. मेगाबिट आणि मेगाबाइट यांतही गल्लत होते. १०० मेगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो.

चार-पाच संगणकांच्या कार्यालयाला अर्ज, पत्रव्यवहार, बँकेचे काम यासाठी ५० मेगाबिट पुष्कळ झाले. वेगाची चढाओढ करण्यापेक्षा जोडणी देणाऱ्याला विचारावे की चढवण्याचा वेग उतरवण्याइतकाच आहे का, आणि महिन्याचा ठरलेला डेटा संपला की पुढे काय उरते. आपले काम चढवण्याचे असते, हे आपण विसरतो. लाइनबरोबर मिळणारा डबा फुकट, अनामतीवर की भाड्याने, तेही पावतीवर लिहून घ्यावे.

आता भिंत. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण अडथळ्यापुढे लवकर हार खाते. २.४ ची त्या मानाने पुढे जाते. आपल्याकडचा जांभा सच्छिद्र; चार महिने तो पाणी पीत राहतो. आणि पाणी ही लहर शोषून घेते. शहरातल्या घरी मायक्रोवेव्ह शेगडी असते ना, ती अन्नातले पाणी तापवते ती याच २.४ च्या जातीच्या लहरीने. मे महिन्यात मागच्या खोलीत जेमतेम पोचणारे वायफाय आमच्याकडे जुलैत का बसले, ते मला मग उमगले. त्यात भर म्हणून राउटर आम्ही लोखंडी कपाटामागे ठेवला होता, चोराच्या नजरेस पडू नये म्हणून! लोखंडातून तर ही लहर जातच नाही. आणि अँटेना चार असोत की आठ, मोबाईलने उलट दिलेली हाक राउटरला ऐकू यावी लागते; मोबाईलचा आवाज मुळातच बारीक.

यावर दुकानात 'एक्स्टेंडर' दाखवतात. तो घेऊ नका असे माझे मत आहे. साधा एक्स्टेंडर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा भिंतीला भोक पाडून एक लॅन वायर मागच्या खोलीत न्यावी. जागेवरून न हलणाऱ्या संगणकाला वायफाय हवे कशाला? आम्ही तेच केले. एक लहान स्विच बसवला, दोन्ही संगणक आणि प्रिंटर त्यावर टाकले. वायफाय फक्त मोबाईलसाठी ठेवले. वायर एका बाजूने १०० मीटरपर्यंत चालते, आपल्याला पंधरा-वीस मीटर पुरते. मात्र 'कॅट ६' म्हणून जी स्वस्त वायर मिळते तिच्यात बरेचदा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडून पाहावी. आत पांढरी दिसली तर परत करावी. दुकानदार रागावला तर रागावू द्यावा.

राहिली वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली-मंडणगडात खांब आडवे झाले आणि कित्येक गावे पुष्कळ दिवस अंधारात राहिली. मोबाईलचे मनोरेही मुके झाले होते. तशा संकटाला कार्यालयाचा बंदोबस्त पुरा पडणार नाही. पण रोजच्या अर्ध्या-एक तासाच्या खंडाला नक्की पुरतो. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो. त्याच्यासाठी हातभर लांबीचाही नसलेला मिनी यूपीएस मिळतो. अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोघांनाही वीज लागते हे लक्षात ठेवावे. आम्ही पहिल्यांदा एकच जोडला आणि दिवे गेल्यावर हसे झाले. काही केबलवाले वाटेत विजेवर चालणारे स्विच बसवतात. तिथे बॅटरी नसेल तर तुमचा यूपीएस शोभेचा. घरापर्यंत थेट फायबर असेल तर वाटेत विजेची गरज नसते. हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारावा. आणि शेवटचा आधार म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला एक मोबाईल कार्यालयात असावा, एकाच कंपनीचे दोन नव्हेत.

पासवर्डाबद्दल थोडे सांगतो. आमच्या भिंतीवर तो खडूने लिहिलेला होता. ज्या संगणकावर लोकांचे आधार आणि बँक खात्याचे क्रमांक येतात, त्याच जोडणीवर आल्यागेल्याचा मोबाईल बसू नये. राउटरमध्ये पाहुण्यांचे वेगळे वायफाय चालू करता येते, ते करावे. दुकानातून आलेला मूळचा पासवर्ड बदलावा, 'डब्ल्यूपीए २' किंवा '३' निवडावे. 'डब्ल्यूईपी' हे कुलूप २००१ पासूनच मोडलेले आहे.

खर्चाचा कागद बैठकीत ठेवला तेव्हा खजिनदारांनी चष्मा वर करून विचारले, "नवा राउटर कुठे लिहिलाय?" नवा घेतलाच नव्हता. तोच कपाटामागून काढून उंच फळीवर ठेवला होता. पैसे वायर, स्विच आणि यूपीएसवर गेले. एक काम अजून राहिले आहे. घराची अर्थिंग जुनी आहे, आणि वळवाच्या गडगडाटात आधी तिचीच परीक्षा होते. वायरमनला तीनदा सांगून आलो. गणपतीनंतर येतो म्हणाला आहे, तोवर आभाळ वाजले की मीच उठून सगळे प्लग काढतो.