विज्ञानाची ओळख : यीस्ट आणि माणूस

बोटाला कापले तर काही दिवसांत जखम भरते, कारण शरीरातील पेशी दुभंगून नव्या पेशी तयार होतात. केव्हा दुभंगायचे, हे पेशीतील काही प्रथिने ठरवतात. हा ताबा सुटला की कर्करोग होतो.

पाव फुगवणारे यीस्ट आपल्याला माहीत आहे. त्याच्या एका दूरच्या भाऊबंदात ‘सीडीसी २’ हे जनुक बिघडले की पेशी दुभंगत नाही. १९८७ साली लंडनमध्ये मेलानी ली आणि पॉल नर्स यांनी अशा बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुके सोडली. त्यांपैकी एकाने काम सांभाळले आणि यीस्ट पुन्हा दुभंगू लागले! दोन्ही प्रथिने ताडून पाहिली, तर निम्म्याहून अधिक भाग तंतोतंत जुळला. नर्स यांना २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. प्रत्येकाला एक अक्षर दिले की माळ शब्दासारखी वाचता येते. अशा माळा जुळवणारा ‘ब्लास्ट’ हा संगणक प्रोग्राम १९९० साली आला. आपली माळ टाकली की तो हजारो जीवांतील तिच्यासारख्या माळा शोधून देतो.

मात्र साम्य हा केवळ माग आहे. काम तेच आहे का, हे प्रयोगानेच ठरते.

हा प्रोग्राम वापरायला पैसे पडत नाहीत. जीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी कॉलेजच्या संगणकावर तो जरूर चालवून पाहावा.