परीक्षा गळ्याची कीं घरच्या दुःखाची?

चौकजवळील एन. डी. स्टुडिओंत २०११ सालीं ‘बिग बॉस’ ह्या हिंदी कार्यक्रमाच्या पांचव्या पर्वाचें घर उभारलें होतें. तेव्हां त्यांत जाणारे बहुतेक आधींच नांवारूपास आलेले होते. २०१६ सालच्या दहाव्या पर्वांत मात्र सामान्य जनांकडूनही चित्रफिती मागविल्या गेल्या आणि मनवीर गुर्जर हा सामान्य उमेदवारच विजयी झाला. दार सर्वांस उघडलें ह्याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं; आमचा आक्षेप दारावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांस आहे.

गाण्याच्या स्पर्धांचीही तीच तऱ्हा. मुलीला चांचणीस नेणाऱ्या पालकांनीं अर्ज नीट वाचावा. गुरूचें नांव एका ओळींत संपतें. घरांत कोण आजारी, कोणाचें छत्र हरपलें, ह्यासाठीं मात्र जागा पुष्कळ! कोणी म्हणेल, ‘लिट्ल चॅम्प्स’मुळेंच २००९ सालीं विजयी झालेल्या कार्तिकी गायकवाड हिचा गळा घरोघर पोंचला. तें खरेंच, पण पोंचला तो गळा होता. कहाणी विकावयास नेली कीं तिची काटछांट संकलकाच्या हातीं जाते, व तशी मुभा संमतिपत्रांत आपणच दिलेली असते. अज्ञान मुलांसाठीं सही आईबापांची लागते. तेव्हां ‘मुलाचाच हट्ट’ ही सबब कशी चालावी? (निवडीसाठीं पैसे मागणाऱ्या मध्यस्थास दारांतूनच परतवावें, हें सांगावयास नको.)

मुलीनें अवश्य गावें. दुःखाचा तो रकाना कोरा ठेवावा, आणि तेवढ्यासाठीं निवड हुकली तर तिला घरीं आणून पुन्हां रियाजास बसवावें.