भोंगा मोजायचा तर सर्वांचा मोजा

शेतकरी व कारू बांधवांनो, १ मे २०२२ रोजीं, महाराष्ट्र दिनीं, आपल्या संभाजीनगरांत (तेव्हां त्याचें सरकारी नांव औरंगाबाद होतें) मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर राज ठाकरे यांची सभा झाली. मशिदींवरचे भोंगे उतरले नाहींत तर ४ मेपासून त्यांच्यापुढें दुप्पट आवाजानें हनुमान चालिसा लावा, असा हुकूम तेथून सुटला. टाळ्या आपल्याच पोरांनीं वाजविल्या. पुढें राज्यभर पोलिसांच्या नोटिसा निघाल्या, कित्येकांची धरपकड झाली, तीही अशाच पोरांची. मजुरी बुडवून कोर्टाच्या तारखा घालणें ज्याच्या कपाळीं येतें, त्यास व्यासपीठावर खुर्ची मात्र मिळत नाहीं.

आवाजाचा त्रास खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आजाऱ्यास व परीक्षेच्या मुलास तो होतोच. म्हणून तर २००० सालचे नियम आहेत. रात्रीं १० ते सकाळीं ६ भोंगा बंद. वस्तींत दिवसा ५५ डेसिबल व रात्रीं ४५ ही हद्द. मुंबई उच्च न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें सांगितलें कीं, भोंगा हा कोणत्याच धर्माचें आवश्यक अंग नव्हे. कोणत्याच! हा शब्द सभेंत कोणी उच्चारीत नाहीं. नियमांत अजान नाहीं, आरती नाहीं, नुसता आवाज आहे. तोच नियम मे २०२२ मध्यें लागू होतांच शिर्डीची काकड आरती व शेजारती भोंग्याविना करावी लागली. झाली ना हौस?

आमच्या गांवीं वरातींतला डी.जे. शाळेच्या खिडक्या थरथरवितो, तेव्हां धर्म बुडत नाहीं. आणि दोनतीन मिनिटांची बांग कानीं पडतांच तो बुडूं लागतो! दुखणें कानाचें असतें तर दोन्हींनीं दुखलें असतें.

आणि जेथें आवाजच नाहीं तेथें काय होतें तें पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्यें पुण्याच्या शनिवारवाड्यांत कांहीं बायांनीं नमाज पढला. भोंगा नव्हता, कोणाची झोप मोडली नव्हती. वाडा पुरातत्त्व खात्याचा. नियम मोडला असेल तर तें पाहणें खात्याचें काम, आणि गुन्हा नोंदलाही गेला. पण तेवढ्यानें भागलें नाहीं. खासदार मेधा कुलकर्णी यांच्या पुढारपणाखालीं तेथें गोमूत्र शिंपडून जागा ‘शुद्ध’ करण्यांत आली.

बांधवांनो, हें गोमूत्र ओळखीचें वाटत नाहीं काय? मार्च १९२७ मध्यें बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे लोक महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां त्या तळ्यांतही शेण, मूत्र, दूध, दही ओतून शुद्धि झाली होती. जो तांब्या काल बहुजनांस विटाळ ठरवीत होता, तोच आज बहुजनांच्या हातीं देऊन शेजाऱ्यावर रिता करा म्हणून सांगतात!

आणि शेजारी कोण? गांवगाड्यांतला मुलाणा तुमच्याआमच्यासारखाच हक्काचा कामकरी. तांबोळी, अत्तार, पिंजारी यांच्यावांचून आठवड्याचा बाजार भरत नाहीं. दौलताबादच्या चांद बोधल्यांपासून जनार्दनस्वामी व त्यांच्यापासून पैठणचे एकनाथ, अशी गुरुपरंपरा सांगतात. जोतीबांस पुन्हा शाळेंत घाला म्हणून गोविंदरावांची समजूत घालणारांत गफार बेग मुनशी होते. त्याच जोतीबांनीं १८९१ सालीं निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एकच घर कल्पिलें आहे. आई बुद्धाची, बाप ख्रिस्ताचा, लेक कुराण वाचून महमदी आणि मुलगा सत्यधर्मी. आणि कोणी कोणाचा हेवा न करितां सर्वांनीं एकत्र नांदावें. एका छपराखालीं जें चालावें असें जोतीबा म्हणत, तें आपणांस एका गल्लींत चालत नाहीं!

येत्या ग्रामसभेंत ठराव मांडा. आवाज मोजण्याचें यंत्र पोलिसांनीं आणावें आणि देऊळ, मशीद, वरात, पुढाऱ्याची सभा, सर्वांपुढें तें धरावें. आरंभ सभेपासून करावा.