चौदा ते अठरा : कोणाच्याच वहीत नसलेली वर्षे

मराठी चित्रपटाने खेड्यातली मुलगी पाहिलीच नाही, असे म्हणता येणार नाही. पाणवठ्यावर, जत्रेत, पाटलाच्या वाड्यात आणि तमाशाच्या फडात ती पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहे. परंतु सोयाबीनच्या काढणीला रोजाने जाणारी, आईबाप ऊसतोडीला गेले की मागे धाकट्या भावंडांसाठी भाकऱ्या थापणारी, आठवी संपली आणि नववीचे पुस्तक जिच्या घरात आलेच नाही अशी मुलगी पडद्यावर क्वचितच आली. आली तीही कोणाची तरी बहीण किंवा कोणाची तरी प्रेयसी म्हणून. कष्टकरी घरातील स्त्रीचा दिवस, तिचे दमणे आणि तिचे मनसुबे हाच कथेचा विषय होऊ शकतो, हे ज्या थोड्यांनी ओळखले त्यांत सुमित्रा भावे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

सुमित्रा भावे (१९४३-२०२१) या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. झोपडपट्टीतील स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करीत असता, ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांनाच ते वाचता येत नाही, ही विसंगती त्यांना सलू लागली आणि त्या चित्रपटाकडे वळल्या. १९८५ सालचा ‘बाई’ हा त्यांचा पहिला लघुपट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे १९८७ मध्ये ‘पाणी’ आणि १९९२ मध्ये ‘चाकोरी’ आला. ‘चाकोरी’ची कथा दोन वाक्यांत सांगता येईल इतकी साधी आहे. नवऱ्याने टाकलेली खेड्यातली एक तरुण स्त्री सायकल चालवायला शिकते. या एका शिकण्याने तिला मोकळेपणा लाभतो, आणि जगाकडे पाहण्याची तिची उंचीच बदलते. गाडीच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोरीतून बैलगाडीला सहसा बाहेर पडता येत नाही, सायकलीला मात्र पडता येते. शीर्षकाचा अर्थ याहून अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

ही केवळ कवीकल्पना आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने जरा इतिहास पाहावा. ज्या सुमारास ‘चाकोरी’ तयार झाला, त्याच सुमारास तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीचा भाग म्हणून खेड्यांतील लाखभर स्त्रिया सायकल शिकल्या. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना आखली. तिचा अर्थशास्त्रज्ञांनी कसोशीने अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची योग्य वयातील नोंदणी सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. त्यातही जेथून माध्यमिक शाळा तीन किलोमीटर वा त्याहून दूर होती, तेथे हा परिणाम विशेष दिसला. म्हणजे मुलींचे शिक्षण थांबते ते बुद्धीपाशी नव्हे, पुष्कळदा रस्त्यापाशी थांबते.

आता औसा तालुक्याकडे वळू. औशापासून लातूर अवघे वीस किलोमीटर. त्या लातूरच्या शिकवण्यांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करण्यासाठी साऱ्या महाराष्ट्रातून मुले-मुली येतात, आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द तर आता राज्याच्या बोलीतच रुळला आहे. त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच. तथापि किल्लारी, लामजना, भादा, मातोळा या परिसरातील वाड्या-वस्त्यांवरून मोठ्या गावच्या शाळेपर्यंतचा चार-पाच किलोमीटरचा रस्ता ज्या मुलीला ओलांडता येत नाही, तिच्यासाठी वीस किलोमीटरवरचे लातूर पुण्या-मुंबईइतकेच दूर आहे. गुणवत्ता यादीत नाव झळकले की वर्तमानपत्रात छायाचित्र येते. नववीच्या हजेरीपटावर जे नाव चढलेच नाही, त्याची बातमी होत नाही.

या अदृश्यतेला कायद्याचाही हातभार आहे. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता. पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात तीही आठवीपर्यंत. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, ती चौदा वर्षांखालील मुलांच्या कामावर बंदी घालते. चौदा ते अठरा या वयाला केवळ धोक्याच्या कामांपासून संरक्षण आहे. घरच्या कामाला तर काम म्हणून कोणी मोजतच नाही. विवाहाला मात्र अठरा पूर्ण व्हावी लागतात. शिक्षणाचा कायदा चौदाला हात सोडतो आणि विवाहाचा कायदा अठराला हाती घेतो. मधली चार वर्षे कोणाच्या ताब्यात? ती आजही बापाच्या काळजीच्या, मुकादमाच्या उचलीच्या आणि गावाच्या कुजबुजीच्या ताब्यात आहेत. २०२४ मध्ये राज्याने मर्यादित उत्पन्नाच्या घरांतील मुलींचे व्यावसायिक उच्च शिक्षण निःशुल्क केले. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु जी नववीतच गळाली, तिला त्या दारापर्यंत पोहोचवणार कोण?

परिणाम आकड्यांतून दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे चव्वेचाळीस टक्के, तर परभणीत अठ्ठेचाळीस टक्के होते. यावर आईबापांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेले जोडपे वयात आलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर मागे ठेवील? फडावर नेले तर शाळा सुटते, घरी ठेवले तर जीव टांगणीला लागतो. लग्न करून दिले की जबाबदारी दुसऱ्याच्या माथी जाते, असा हा भयाचा हिशेब आहे. तो चुकीचा असला तरी निर्दयपणाचा नाही. २०१५ च्या दुष्काळात आपल्याच लातूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने एस.टी.च्या पासाला पैसे नाहीत म्हणून जीवन संपवले होते. त्या वेळी सारा महाराष्ट्र हळहळला. हळहळ ओसरायला मात्र फार दिवस लागले नाहीत.

अशा स्थितीत लघुपट काय करणार, हा प्रश्न कोणीही विचारील आणि तो रास्त आहे. पडद्यावरची सायकल दारात येत नाही. २०२५ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचलेला ‘अनुजा’ हा लघुपट दिल्लीतील शिवणकारखान्यात राबणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीसमोर शाळा की काम, असा पेच उभा करतो. टाळ्या दूरदेशी वाजल्या म्हणून तो पेच इथे सुटत नाही. परंतु जे प्रश्न कुजबुजीत राहतात ते चारचौघांत बोलण्याजोगे करणे, हे काम चित्रपटाइतके चांगले दुसरे कोणी करीत नाही. “तुमच्या मुलीचे लग्न का ठरवता?” असे बापाला विचारले की तो गप्प होतो किंवा रागावतो. पडद्यावरच्या मुलीविषयी विचारले तर तो बोलू लागतो, आणि बोलता बोलता स्वतःच्या घरापाशी येतो.

म्हणून सूचना अगदी साध्या आहेत. औसा तालुक्यातील मुख्याध्यापकांनी ऊसतोडीची बिऱ्हाडे हलण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आत, पालकसभेत असा एखादा लघुपट दाखवावा आणि त्यानंतर भाषण न करता पालकांना बोलू द्यावे. त्याच दिवशी आठवी उत्तीर्ण होऊनही नववीत न आलेल्या मुलींची यादी वाचावी. ही यादी करण्यास शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आहे. मानव विकास कार्यक्रमात गरजू मुलींना सायकली देण्याची तरतूद आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, आणि १०९८ हा क्रमांक कोणालाही फिरवता येतो. योजनांची उणीव नाही. उणीव आहे ती यादीतील नाव आणि टेबलावरची फाईल यांची गाठ घालून देणाऱ्या माणसाची. तो माणूस शिक्षक असू शकतो, पंचायत समितीतील लिपिक असू शकतो, किंवा शाळा सुटण्याच्या वेळी गाडी सुटेल असे वेळापत्रक आखणारा आगारातील कर्मचारीही असू शकतो. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी गावोगावी जाऊन असे खेळ लावले, आणि पुढे आपल्याच तालुक्यातील मुलींच्या जीवनावर आपल्याच बोलीत लघुपट काढले, तर तेही या कामी मोठे साहाय्य ठरेल.

सुमित्राबाईंच्या नायिकेला कोणी मंत्रालयातून मुक्त केले नाही. तिने सायकल हाती घेतली, एवढेच. पण सायकल हाती घेण्याआधी ती हाताशी असावी लागते, आणि शाळेपर्यंत रस्ता असावा लागतो. ते पुरविणे हे मुलीचे काम नव्हे. ते काम आपले आहे, आणि यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी ते हाती घेण्यास पुरेसा अवधी आहे.