मी एक्सपॅट नाही, आणि तीही नाही

दोन वर्षांपूर्वी हडसन नदीच्या खोऱ्यातल्या एका जुन्या कोठारात मी करवली होते. कोठार म्हणजे खरोखरच एकेकाळी गवताच्या गंजी ठेवायचं कोठार. आता तिथे शनिवारी लग्नं लागतात, आणि भाडं ऐकलं की पुण्यातलं कुठलंही मंगल कार्यालय स्वस्त वाटायला लागतं. नवरी माझी ऑफिसातली मैत्रीण, यॉर्कशायरची. नवरा ओहायोचा.

अमेरिकेत करवली होणं ही मानाची गोष्ट आहे, पण स्वखर्चाची. इंग्लंडमध्ये करवल्यांचे ड्रेस साधारणपणे नवरीकडचे घेतात. इथे रंग नवरी ठरवते आणि कार्ड आपण काढतो. त्याआधी शॉवर नावाची भेटींची पार्टी, त्याआधी मैत्रिणींची विमानानं जायची सहल, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी चक्क रंगीत तालीम. कोण कुठून चालत येणार, कुठे उभं राहणार, याची नाटकासारखी तालीम आणि मग तालमीचं जेवण. नवरीची आई सूटकेसमधून फ्रूटकेक घेऊन आली होती, आठवडेच्या आठवडे ब्रँडी पाजलेला. अमेरिकन पाहुण्यांनी तो नाकाजवळ नेला आणि परत ठेवला. लग्न लावलं नवऱ्याच्या कॉलेजातल्या रूममेटनं. त्यानं आदल्या महिन्यात इंटरनेटवर फॉर्म भरून धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली होती. इंग्लंडमध्ये अशा मित्रानं लावलेल्या लग्नाला कायद्यानं काडीची किंमत नाही. बाई मला दोनदोनदा विचारत होत्या, ‘हे खरंच लागलं ना गं?’

हे सगळं मी आनंदानं केलं. माझं भांडण त्याच्याशी नाही. भांडण जेवणाच्या टेबलाशी आहे.

दारात कोण कुठे बसणार याचा मोठा फलक होता. चौथ्या टेबलाचं नाव होतं ‘द एक्सपॅट्स’. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत राहणारे आठ ब्रिटिश त्यावर. टेबलावर इवलासा युनियन जॅक, मार्माइटच्या बाटल्या, सगळे खूश. मी नवव्या टेबलावर. माझ्याबरोबर माझा नाशिककर, ऑफिसातली दोन तेलुगू जोडपी आणि एक तमिळ मुलगा.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी लेस्टरची. अमेरिकन लोक ज्याला ‘लायसेस्टर’ म्हणतात ते. १९७२ साली युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांनी आमच्या गावात येऊ नये, अशी जाहिरात ज्या नगरपालिकेनं युगांडाच्या वर्तमानपत्रात दिली, ते गाव. ते लोक तरीही आले आणि त्यांनीच गाव जगवलं. त्या गुजराती दुकानांच्या रस्त्यावर मी मोठी झाले. माझं मराठी आजीचं, इंग्रजी लेस्टरच्या सरकारी शाळेचं, पासपोर्ट जन्मापासून ब्रिटिश. त्या लग्नात नवरीइतकीच ब्रिटिश असलेली एकमेव करवली मी होते. फलक वेडिंग प्लॅनरनं केला होता, आडनावं वाचून. मैत्रिणीला पत्ताच नव्हता. ती नंतर म्हणाली, ‘अगं, उठून आमच्यात येऊन बसायचं ना!’

फोनवर मी ब्रिटिश असते. बँकेतला माणूस माझा आवाज ऐकून विरघळतो. समोर गेले की तोच माणूस विचारतो, मूळची कुठली? लेस्टर. नाही, म्हणजे, मूळची? याची आता सवय झाली आहे आणि त्यावर लेख लिहिण्यात मला रस नाही. ‘उठून आमच्यात यायचं’ या वाक्यावर मात्र मला लिहायचं आहे. कारण तसं उठून जाता येत नाही.

आम्ही दोघी २०१६ साली एकाच कंपनीत, एकाच पदावर, एकाच प्रकारच्या एच-वन-बी व्हिसावर आलो. कंपनीनं दोघींच्या ग्रीन कार्डाचे अर्ज एकाच वर्षी केले. तिला दोनेक वर्षांत कार्ड मिळालं. मी अजून रांगेत आहे. अमेरिकेत नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांहून जास्त मिळू नयेत असा नियम आहे. आइसलँडलाही सात, भारतालाही सात. आणि देश म्हणजे तुमच्या पासपोर्टचा देश नाही, तुमच्या जन्माचा देश.

माझा जन्म मिरजेचा. बाबा तेव्हा ब्रिटिश नागरिक होते, आईबाबांचं घर लेस्टरला होतं, पण पहिलं बाळंतपण माहेरी! आजीनं डिंकाचे लाडू करून ठेवले होते, बाळंतविडे शिवले होते, आई सातव्या महिन्यात विमानात बसली. मी तीन महिन्यांची असताना लेस्टरला परत आले. धाकटा भाऊ लेस्टरलाच झाला, कारण दुसऱ्या खेपेला कोणी माहेरी जात नाही. तो उद्या अमेरिकेत आला तर इंग्लंडच्या रांगेत उभा राहील. मी भारताच्या रांगेत आहे, जिथे माझ्या वर्गात दहा वर्षांहून जुने अर्ज आत्ता कुठे पुढे सरकताहेत. आईवडिलांच्या जन्मदेशाच्या नावानं एक सवलत असते, पण ते दोघंही मिरजेचेच. डिंकाच्या लाडवांची किंमत मी अशी मोजते आहे.

यात लग्न कुठे आलं? वकीलबाईंनी आणलं. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्मदेश दुसऱ्याला वापरता येतो. ‘तुझ्या भावाच्या एखाद्या मित्राशी लग्न केलंस तर रांग संपली,’ त्या हसत म्हणाल्या. त्या दिवशी मीही हसले. आईनं व्हॉट्सॲपवर तोच विनोद तीनदा केला तेव्हा कळलं की तो विनोद नव्हता. माझा नाशिककर तिथेच बसून भांडी पुसत होता. त्यानं काही विचारलं नाही. नाशिकचा जन्म असलेल्या माणसाशी लग्न म्हणजे रांगेतल्या माणसानं रांगेतल्याच माणसाशी लग्न करणं. दोघांपैकी कुणाची नोकरी गेली की हातात साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा नाहीतर सामान बांधा. मागच्या वर्षी आमच्या टीममधली निम्मी माणसं एका सकाळी गेली. मी वाचले. त्या आठवड्यात मी झोपेतसुद्धा साठपासून उलटं मोजत होते.

लग्नानंतर महिन्याभरानं मैत्रिणीला मी म्हटलं, ते टेबलाचं नाव मला आवडलं नाही. ती म्हणाली, आडनावावरून बसवलं ते वाईटच झालं, पण शब्दात काय आहे? एक्सपॅट म्हणजे तात्पुरता परदेशी राहणारा, इमिग्रंट म्हणजे कायमचा आलेला.

बरं. हीच कसोटी लावू. तिचं मॉन्टक्लेअरला घर आहे, तीस वर्षांचं कर्ज आहे, ओहायोचा नवरा आहे, आजारी कुत्रा आहे, आणि अमेरिकन सरकारच्या कागदोपत्री ती इमिग्रंट आहे, कारण ग्रीन कार्ड मिळणं म्हणजे कायद्यानं इमिग्रंट होणं. मी? एच-वन-बी हा कायद्याच्या भाषेत नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे. तात्पुरता कामगार. म्हणजे तिच्याच व्याख्येनं एक्सपॅट मी आणि इमिग्रंट ती. नवव्या टेबलावरचे आम्ही सगळे एक्सपॅट, आणि मार्माइटच्या टेबलावर बहुतेक सगळे इमिग्रंट. तेव्हा हा शब्द किती दिवस राहणार हे सांगत नाही. तो कुणाला रांगेत उभं राहावं लागत नाही एवढंच सांगतो.

आणि ही सोय आजची नाही. १९२९ साली अमेरिकेत देशवार कोटे होते. वर्षाला सुमारे दीड लाख माणसांना प्रवेश, त्यातल्या ६५,७२१ जागा एकट्या ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडला. भारतीयांना शून्य. १९४६ साली उदार होऊन भारताला किती दिल्या? शंभर. १९६५ साली हे कोटे रद्द होईपर्यंत ब्रिटिश माणसाला इथे येण्यासाठी फारसा विचार करावा लागत नव्हता, आणि ज्याला विचार करावा लागत नाही तो स्वतःला स्थलांतरित म्हणत नाही.

पण गंमत अशी की ब्रिटिश असण्याचा फटका इथे लग्नातच बसलेला आहे. १९०७ साली अमेरिकेत एक कायदा झाला. नाव ऐका: एक्सपॅट्रिएशन ॲक्ट. अमेरिकन बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व गेलं, ती नवऱ्याच्या देशाची. एथेल मॅकेन्झी ही कॅलिफोर्नियात जन्मलेली, बायकांच्या मताधिकारासाठी झटलेली बाई. १९०९ साली तिनं तिथेच राहणाऱ्या एका ब्रिटिश माणसाशी लग्न केलं. १९११ला कॅलिफोर्नियात बायकांना मत मिळालं. १९१३ला ती सॅन फ्रान्सिस्कोत मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, तर तिला सांगितलं, बाई, तुम्ही अमेरिकन नाही. देश सोडून ती कुठेही गेली नव्हती. १९१५ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं: लग्न तुम्ही स्वेच्छेनं केलंत. माझ्या माहितीत खरी एक्सपॅट तीच. घरात बसून देशाबाहेर गेलेली. पुढे १९२२ साली कायदा बदलला, पण आशियाई माणसाशी लग्न करणाऱ्या बायकांना त्यातून वगळलं. तारकनाथ दासांशी लग्न केलं म्हणून मेरी दास यांचं अमेरिकन नागरिकत्व गेलं. इंग्रज नवरा केलेल्या बायकांची सुटका आधी झाली, हिंदी नवरा केलेल्यांना १९३१पर्यंत थांबावं लागलं. रांग तेव्हाही वेगळीच होती.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती चिडली. म्हणाली, मी काय केलं यात? काही नाही. तिनं काहीच केलेलं नाही आणि मला तेच म्हणायचं होतं. मग काही महिने आम्ही फक्त कामापुरतं बोललो.

नंतर तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिच्या मनात आलं की नवऱ्याला घेऊन दोन-तीन वर्षं यॉर्कशायरला जाऊ. तेव्हा तिला कळलं की स्वतःच्या देशात स्वतःच्या लग्नाच्या नवऱ्याला न्यायचं तर उत्पन्नाची अट आहे. २०१२ साली ती वर्षाला १८,६०० पौंडांची होती, एप्रिल २०२४मध्ये २९,००० झाली. शिवाय पत्नीपत्नीत्वाचे पुरावे: एकत्र बँक खातं, भाडेपट्टा, फोटो. तिनं मला रात्री अकराला फोन केला. ‘ते लग्नाचे फोटो मागताहेत. आमचं लग्न खरं आहे हे सिद्ध करायला सांगताहेत.’ मिडलंड्समधल्या प्रत्येक मिरपुरी, पंजाबी, गुजराती घरानं हा फोन कधीतरी कुणालातरी केलेला आहे. मी तिला ते सुनावलं नाही. फोटो कसे लावायचे ते सांगितलं, तारीखवार, पाहुण्यांच्या नावांसकट. कोठाराचे फोटो छान आले होते. एकात मी नवव्या टेबलावर दिसते.

आता तुमच्याकडे वळते, कारण हा लेख यॉर्कशायरमध्ये कोणी वाचणार नाही. कोरेगाव पार्कात राहणारा जर्मन इंजिनिअर तुमच्या बोलण्यात एक्सपॅट असतो. त्याच सोसायटीच्या गेटवरचा नेपाळी माणूस कोण असतो? मुंबईत टॅक्सी चालवणारा परप्रांतीय, आणि तुमचा परप्रांतीय बॉस मात्र ‘सर’. आणि आपली पोरं अमेरिकेत गेली की एनआरआय. स्थळांच्या ॲपवर ‘जीसी होल्डर’ हे पगाराच्या आणि उंचीच्या वर लिहिलेलं असतं. मी ते वाचलंय, आईनंच पाठवलं होतं. ज्या रांगेनं माझी झोप उडवली, तिच्यात पुढे असणं हा आपल्याकडे वराचा गुण आहे. मागे असणाऱ्याला आपणही नवव्या टेबलावर बसवतो. तेलुगू सहकाऱ्याची बायको एमटेक आहे. २०१५ आधी एच-फोर व्हिसावर आलेली, म्हणून तिला कित्येक वर्षं कामाची परवानगीच नव्हती. तिच्या माहेरी सांगितलं जायचं, मुलगी अमेरिकेत सेटल आहे.

मी इमिग्रंट आहे. कागद काहीही म्हणोत, मी राहायला आले आहे. माझे बाबाही इमिग्रंट होते, लेस्टरला, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही. माझं मूल इथे झालं तर ते आपोआप ब्रिटिशही होणार नाही, कारण माझा जन्म ब्रिटनबाहेरचा. पुन्हा मिरज. आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तुझी आजी एकटीच होती गं तेव्हा, मी नसते गेले तर तिला काय वाटलं असतं?’ बरोबर आहे. मीही गेले असते.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं लग्नाच्या परवान्याचा अर्ज करायला गेलो. न्यू जर्सीत फी २८ डॉलर, ७२ तास थांबायचं, आणि अर्ज करताना एक साक्षीदार बरोबर लागतो. साक्षीदार म्हणून मैत्रीण आली, अर्धी रजा टाकून. खिडकीतला कारकून तिचं बोलणं ऐकून खूश झाला, लंडनची का म्हणाला. ‘नाही, यॉर्कशायर,’ ती म्हणाली, ‘इमिग्रंट आहे.’ त्याला तो विनोद वाटला. मग त्यानं अर्ज माझ्याकडे सरकवला. जन्मस्थानाच्या रकान्यात मी मिरज लिहिलं, नाशिककरानं नाशिक. स्पेलिंग बरोबर आहे ना, कारकुनानं विचारलं. मी हो म्हटलं, आणि माझा आवाज ऐकून त्यानं मान वर केली.