डॉक्टरांचे सहायक : गाळप किती आणि उतारा किती?



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक विषय येत आहे. सभासदांच्या चार मुलामुलींना सभासद कल्याण निधीतून डॉक्टरांचे सहायक, म्हणजे ‘फिजिशियन असिस्टंट’, या शिक्षणाला पाठवावे असा तो ठराव. विषय चांगला आहे, माझा विरोध नाही. पण हात वर करण्याआधी चार गोष्टी बोलल्या पाहिजेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हंगामात माझ्या फडात तोड चालू होती. रात्री नवाच्या सुमाराला टोळीचा मुकादम दारात आला. कोपीतल्या एका आठ महिन्यांच्या पोराला धाप लागली होती. आम्ही उपकेंद्रावर गेलो, तर कुलूप. मोटारसायकलवर घालून तालुक्याला नेईपर्यंत पोराच्या बरगड्या आत ओढत होत्या. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, दोन दिवस आधीच ओळखू यायला हवा होता. पोर वाचलं. पण नऊ दिवस दवाखान्यात गेले, आईबापाची तोड बुडाली आणि उचल अंगावर राहिली. दोन दिवस आधी श्वास मोजणारं माणूस कोप्यांवर असतं तर हे टळलं असतं. मोठा डॉक्टर लागत नव्हता, शिकलेला आणि जागेवरचा माणूस लागत होता.

असा माणूस तयार करावा ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हे शिक्षण सुरू केलं. नौदलात जखमींची सेवा करून परतलेले चौघे त्यांनी घेतले. त्यांतले तिघे १९६७ साली दोन वर्षं पुरी करून बाहेर पडले. डॉक्टर कमी पडतात, तेव्हा त्यांचा हात हलका करावा आणि जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे इलाज पोचावा, हा हेतू. आज त्या देशात असे सहायक दीड लाखाच्या वर आहेत. गाळप म्हणाल तर विक्रमी! पण उतारा पाहा. साधा, पहिल्या पायरीचा इलाज करणारे त्यांतले साधारण चौथा हिस्साच. बाकीचे शस्त्रक्रिया, हाडं, हृदय, कातडी अशा खास विभागांकडे गेले. त्यांचं काम वाया गेलं असं मी म्हणत नाही. पण ज्या वावरासाठी पाट काढला, त्याच वावराला पाणी कमी पोचलं.

त्याच देशात १९६९ साली वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी ‘मेडेक्स’ नावाची योजना काढली. तिथे तीन महिने वर्गात शिकवायचे आणि पुढे वर्षभर एखाद्या साध्या, बहुधा खेड्यातल्या डॉक्टराच्या हाताखाली ठेवायचे. ज्या डॉक्टराला हात हवा, त्याच्याकडेच माणूस द्यायचा आणि पुढे तिथेच त्याची नोकरी व्हावी असं पाहायचं. म्हणजे आधी जागा पाहिली, मग बेणं लावलं.

आता आपल्या देशाचं पाहू. इथे फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण १९९२ साली मद्रासला सुरू झालं, ते डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने आणि हृदयशस्त्रक्रियेच्या गरजेतून. मूळ हेतूच मोठ्या रुग्णालयाचा. मग आपली चार पोरं चार वर्षं शिकून पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागली, तर दोष पोरांचा नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाची नोंद झाली आहे हे खरं, पण हे काम डॉक्टरच्या देखरेखीखालचं. गावात पाटी लावून स्वतंत्र दवाखाना थाटायचा हा परवाना नव्हे.

खेड्यासाठी म्हणून शिक्षण काढलं ते छत्तीसगडने. नवं राज्य, डॉक्टरांचा तुटवडा, म्हणून २००१ साली कायदा करून तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणला. डॉक्टर संघटनांनी विरोध केला. पदवीच्या नावावरून वाद झाला, मुलांनी संप केले आणि थोड्याच तुकड्यांनंतर प्रवेश बंद पडले. पण जे शिकून बाहेर पडले, त्यांना सरकारने ग्रामीण आरोग्य केंद्रांत नेमलं. २०१० साली त्यांच्या कामाचा अभ्यास झाला, तेव्हा नेहमीच्या आजारांचं निदान आणि इलाज यांत ते तिथल्या एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीचे निघाले. उतारा चांगला होता, कारखाना मात्र बंद पडला! का, तर शिकलेल्याला कोणतं नाव, कोणता हक्क, कोणती बढती, हे आधी पक्कं केलं नव्हतं.

आणि फार लांब कशाला? जामखेडला १९७० च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवलं. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या दर आठवड्याला केंद्रावर येत, थोडं शिकत आणि गावात जाऊन करून बघत. पाच-सहा वर्षांत त्या गावांतले बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. त्या बाया गाव सोडून गेल्या नाहीत, कारण त्या गावाच्याच होत्या आणि गावालाच उत्तर देत होत्या.

या सगळ्याचा अर्थ मला असा दिसतो की, शिक्षण किती वर्षांचं यापेक्षा माणूस कोणी निवडला, त्याच्या पाठीशी कोण डॉक्टर आहे आणि शिकून तो कुठे उभा राहणार, यावर फळ ठरतं. म्हणून ठरावात मी तीन दुरुस्त्या सुचवतो.

एक, आधी जागा ठरवा. कारखान्याने आपल्या दवाखान्यात पूर्ण वेळ डॉक्टर नेमावा आणि सहायकाची जागा पगारासह मंजूर करावी. त्यानंतरच पोरं पाठवावीत.

दोन, चौघांऐवजी दोघांनाच पाठवा. उरलेल्या पैशात गावोगावच्या आणि टोळ्यांमधल्या बायकांना श्वास मोजणं, ताप पाहणं, बाळंतिणीची काळजी घेणं एवढं शिकवा. टोळीतली बाई टोळीबरोबरच राहते, तिला कोपी सोडून जायचं नसतं.

तीन, पाच वर्षांनी अहवालात नुसता खर्च छापू नका. शिकलेला कुठे आहे, किती आजारी वेळेवर पोचले, कोप्यांवर किती मुलं दगावली, हे आकडे सभेपुढे ठेवा.

कोणी म्हणेल, ऊसतोड मजूर आपले सभासद नाहीत, त्यांच्यावर खर्च का? त्यांना मी एवढंच विचारतो, त्यांच्या कोयत्याशिवाय आपला ऊस गव्हाणीत पडतो काय?

आपण उसाचं बिल घेताना टनावर भांडतो, पण कारखाना जगतो तो उताऱ्यावर. पोरांच्या शिक्षणालाही तोच हिशेब लावू या. सभेला या, बोला, आणि मग हात वर करा.



आपला,
एक ऊस उत्पादक सभासद